सात दिवसांची शुद्धी

गंजाड, १० मार्च २०२५

जयश्री,

आशीर्वाद लिहीत नाही. तुला नको असतील तर उगाच वाया जातील. फोनही करत नाही, कारण फोनवर आपण दोघी एकमेकींच्या बोलण्यावर बोलायचो आणि शेवटी तू ठेवून द्यायचीस. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही. तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरली आहेत मी, हाताने लिहायची सवय आहे.

तुझं रजिस्टर पत्र मिळालं. पोस्टमनने तुझ्या बाबांसमोर माझी सही घेतली. पोटची मुलगी कोल्हापुराहून आईला पोस्टाने कळवते, की पंधरा दिवसांत बोर्डावरून माझं नाव काढ. वाचून मला तुझी किळस आली. हो, हाच शब्द लिहायचा होता.

नाव काढणार नाही. ‘आरोग्य पोषण केंद्र, गंजाड. संचालिका सौ. भारती. मार्गदर्शन आहारतज्ज्ञ जयश्री.’ यात खोटं काय आहे? तू आहारतज्ज्ञ नाहीस? तुझ्या कॉलेजासाठी मी डहाणूहून पहाटेची गाडी पकडून किती खेपा घातल्या ते तू विसरलीस, मी नाही. तुझं नाव हे माझ्याही कष्टाचं नाव आहे.

आणि गेल्या वर्षी संक्रांतीला, उद्घाटनाच्या दिवशी, बायकांच्या हातात तिळगूळ असताना तू सगळ्यांसमोर विचारलंस, “आई, तुझं शिक्षण किती?” दहावी. सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. पण त्याच बायकांची पोरं मी वजनकाट्याच्या झोळीत घालून मोजली आहेत. वजनाच्या तक्त्यावर लाल रेघेखालचं पोर वर काढायला मला कुठलं इंटर्न व्हावं लागलं नव्हतं. तेव्हा मी तुला ‘बाहेर हो’ म्हटलं, ते अजूनही मागे घेत नाही.

तुला वाटतं, मीच एक लबाड. मग इथे येऊन बघ एकदा. डहाणूला स्टेशन रोडवर एकाने मशीन मांडलंय. हातात पितळेची कांडी धरायची, मिनिटभरात चाळीस पानांचा रिपोर्ट. तुझे बाबा गुडघ्यासाठी गेले होते. एकोणिसाव्या पानावर लिहिलंय, गर्भाशय कमजोर. खोटं नाही सांगत, कागद घरात आहे. त्या माणसाने बाबांकडे बघून म्हटलं, “काका, हे आत्ताच सांभाळा.” आशागडकडे निसर्गोपचारवाले आहेत, ते पोटावर चिखल थापून एनिमा देतात आणि पडलेलं काय ते वाकून बघायला लावतात. मोबाईलवर एक मॅडम आहेत, त्या एका मिनिटात नाचत नाचत भात बंद करायला सांगतात. भात बंद करून इथल्या माणसाने खायचं काय, ते त्या सांगत नाहीत. आणि तुझ्यासारखी एक शिकलेली मुलगी सरकारी दवाखान्यात दर बुधवारी बसते. तिच्यासमोर एवढी रांग, की माणसाचा रोज बुडतो, आणि हातात काय मिळतं? छापील कागद. वरण खा, पालेभाजी खा, पाणी प्या.

मी ज्यांच्याकडून शेकची पावडर घेते ते नविनभाई तलासरीत मोठं केंद्र चालवतात. तिथे माणसाला निदान खुर्ची देतात, नाव विचारतात, टाळ्या वाजवतात. माझ्या पडवीत रोज सकाळी पंधरा-वीस जण शेक प्यायला येतात. कोणाला काही झालेलं नाही.

परवा भिकी आली होती. तुला आठवत असेल, खालच्या पाड्यातली, वाडीवर चिकू उतरवायला जाते ती. तिची संगिता आता वीस वर्षांची झाली, फुग्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. फार बारीक, डोळे पिवळट. उधव्याचं एक स्थळ बघून गेलं आणि पोरगी अशक्त दिसते म्हणून निरोप आला. भिकी माझ्या पायरीवर बसली आणि एकेक कागद पिशवीतून काढून दाखवू लागली. मशीनवाल्याचा, बुधवारवाल्या मुलीचा, कुठलंसं जाहिरातीचं पत्रक. म्हणाली, “बाई, एवढे जण सांगतात. मना काय कळत नाय. तुम्हीच सांगा, कोणाकडं जाऊ?”

मी सांगितलं तिला, कोणाकडे जायचं ते.

लोक मला विचारतात, जयश्री. तुला नाही विचारत. एवढं लक्षात ठेव आणि पुन्हा रजिस्टर पत्र पाठवू नकोस.

आई

•

गंजाड, १९ एप्रिल २०२५

जयश्री,

एक विचारायचं आहे. माझ्यासाठी नाही. आच्छाडकडची माझ्यासारखीच शेकचं केंद्र चालवणारी एक कोच आहे, तिने मला विचारलं, आणि मला नीट सांगता आलं नाही.

एखाद्या मुलीने सात दिवस शुद्धीचा कोर्स केला. म्हणजे सकाळी कोरफडीचा रस, दोन वेळा शेक, बाकी जेवण बंद. त्याने जुलाब होतात, ते व्हायचेच असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी तिचे हातपाय, पाठ, छाती खूप दुखायला लागली आणि दम लागला. हे कशाने होतं? उन्हाने होऊ शकतं का? इथे या वेळी ऊन फार आहे. तिच्या अंगात आधीपासून काही असेल आणि त्या कोचला माहीत नसेल, तर दोष कोणाचा धरतात?

तिला कसल्या तरी गोळ्या चालू होत्या म्हणे. त्या काही दिवस घेतल्या नाहीत तर लगेच एवढं होतं का? मला वाटतं होत नसावं.

ती दवाखान्यात आहे. आधी डहाणूला होती, तिथून सिल्वासाला हलवली. रक्त चढवलं. नळीने ऑक्सिजन लावला होता, काल काढला.

पडवी आठ दिवस बंद ठेवली आहे. सफेदी करायची होती, म्हणून.

उत्तर दे. दोन ओळी दिल्यास तरी चालेल.

आई

•

गंजाड, ६ मे २०२५

जयश्री,

तू फोन बाबांना केलास. ते मोबाईल कानाला लावून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ नुसते ‘हं, हं’ करत उभे राहिले. आत आले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “ती विचारते, ती पोरगी संगिताच ना? तिच्या गोळ्या कोणी बंद केल्या? आणि डॉक्टरांना ते सांगितलं का?”

मी भांडी घासत होते. पातेलं तिथेच टाकलं आणि न्हाणीत जाऊन ओकले. पोटात काही नव्हतं. नुसता त्या शेकच्या व्हॅनिलाचा वास वर आला. सव्वा वर्ष रोज सकाळी लोकांसमोर मी पहिला ग्लास पीत आले. आता तो वास माझ्या पदराला येतो, उशीला येतो.

हो, संगिताच. आच्छाडची कोणी नाही. आणि गोळ्या मीच बंद केल्या.

दुसरं खोटं सांगते. मला माहीत नव्हतं असं मी लिहिलं. मला माहीत होतं. संगिता सहा वर्षांची असताना तपासणीवाले आले, तेव्हा सुईला घाबरून ती मागे सरत होती. तिला मांडीवर घेऊन तिचं बोट मी धरलं होतं. सिकलसेलचं कार्ड माझ्याच हातात दिलं त्यांनी. मीच भिकीला समजावलं होतं, की हिच्या रक्तातल्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, म्हणून हिला उपाशी ठेवायचं नाही, उन्हात तापू द्यायचं नाही, पाणी भरपूर पाजायचं. कोसबाडच्या ट्रेनिंगमध्ये शिकलेलं सगळं मी तिला घोकून दिलं होतं. भिकीला ते अजून पाठ आहे, जयश्री. मार्चमध्ये माझ्या पायरीवर बसून तिनेच मला विचारलं, “पण बाई, तुम्हीच सांगितलेलं ना, हिला उपाशी नाय ठेवायचं?”

आणि मी म्हटलं, “हा उपास नाही गं. ही शुद्धी आहे.”

बुधवारवाल्या मुलीचा कागद तिच्या हातात होता. मी तो घेऊन वाचला. भरपूर पाणी, उपास नको, गोळ्या चुकवू नका, वरण-भात, नाचणी, पालेभाजी. खाली तिने पेनाने लिहिलं होतं, ‘दुखलं तर लगेच या, वाट बघू नका.’ मी तो कागद घडी करून बाजूला ठेवला आणि म्हटलं, “यात नवीन काय आहे? हे तर मी तीस वर्षं सांगत आले.” हे वाक्य मी बोलले आणि मला ऐकू आलं नाही. आता दिवसभर ऐकू येतं.

तिने विचारलं होतं कोणाकडे जाऊ. मी म्हटलं, “माझ्याकडे.”

कोर्स लगेच सुरू नाही झाला. कारखान्यात माल जास्त होता, संगिताला सुट्टी नव्हती. ७ एप्रिलला सुरू केला. मी आदल्या दिवशी नविनभाईंना फोन करून विचारलं, मुलीला सिकलसेल आहे, द्यावं का? म्हणजे मला शंका होती, हेही तू लिहून ठेव. ते म्हणाले, “भारतीबेन, ब्लडमां ज तो कचरो छे, रक्तातच कचरा आहे. क्लीन्स केलं की बरोबर होणार. गोळ्या सात दिवस बंद ठेवा, नाही तर प्रॉडक्ट काम नाही करत.” मला ते पटायला हवं होतं म्हणून पटलं. त्या महिन्यात माझी पुढची पायरी लागायची होती, स्टेजवर बोलावून पट्टा घालतात ती. साठीच्या बाईला पट्टा हवा होता, जयश्री. रिटायर झाल्यावर मला निरोपाचा नारळसुद्धा घाईघाईत दिला होता.

आमचा एक ग्रुप आहे मोबाईलवर. तिथे शुद्धीवाले रोज आपलं काय काय बाहेर पडलं त्याचे फोटो टाकतात. तू वाचलंस ते बरोबर वाचलंस. संडासातले फोटो. आणि खाली बाकीचे अंगठे दाखवतात, फुलं टाकतात, ‘टॉक्सिन निघाले, अभिनंदन’. मी रोज सकाळी चहाच्या आधी ते बघून फुलं टाकत होते. संगिताने फोटो टाकला नाही, लाजली. मी तिला म्हटलं, लाजतेस काय, टाक. तिसऱ्या दिवशी तिने टाकला. मी फूल टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी कारखान्यातून तिचा फोन आला. “बाई, हाडं लय दुखतात. चक्कर येते. पाणी पिऊ का?”

मी म्हटलं, “घोट घोट पी. विचारून सांगते.” नविनभाईंचा आवाजी मेसेज आला. हे हीलिंग क्रायसिस, चांगलं लक्षण, बॉडी बोलते आहे, आत्ता सोडलं तर सगळं फुकट. तो मेसेज मी तसाच तिला पुढे पाठवला. वर एक हसरा चेहरा लावला.

पाचव्या दिवशी सकाळी भिकी धावत आली. पोरगी जमिनीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि ओरडायचं बळही संपलं होतं, नुसती कण्हत होती. ओठ पांढरे. मी जीप बोलावली. दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, त्याने कार्ड बघितलं आणि पहिलाच प्रश्न केला, “गोळ्या चालू आहेत ना? खाणंपिणं कसं होतं?” भिकीने माझ्याकडे बघितलं. नेहमी मीच बोलते ना, डॉक्टरांशी. भिकीने तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, “चालू आहेत. कारखान्यात ऊन लागलंय.”

हे तिसरं खोटं. तू विचारलंस ना, डॉक्टरांना सांगितलं का. नाही सांगितलं. माझा अंगणवाडीचा आवाज लावला, जो ऐकून साहेबलोक मान डोलावतात, आणि खोटं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुखणं तिच्या छातीत उतरलं, सिल्वासाला हलवली. तिथे थोडी शुद्धीवर आल्यावर संगितानेच नर्सला सांगितलं, की गोळ्या बंद होत्या आणि पाच दिवस पोटात काही नव्हतं. शुद्धीवर आली असं लिहिलं खरं. हा शब्द आता मला लिहवत नाही.

ती जगली. बारा दिवसांनी घरी आली. पण उजव्या खुब्याच्या हाडाला रक्त नीट पोचत नाही असं डॉक्टर म्हणाले. आधीपासूनच थोडं असणार, आता वाढलं. पाय ओढते. उभं राहून पॅकिंग जमणार नाही. उधव्याच्या स्थळाचं तर कोणी बोलतच नाही.

आणि सगळ्यात किळसवाणं अजून पुढेच आहे. परवा भिकी आली, काखेत कोंबडा घेऊन. पायरीवर ठेवून म्हणाली, “बाई, तुम्ही होत्या म्हणून पोर वाचली. जीप तुम्ही बोलावली.” वाकून माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागे घेतला नाही. ‘असू दे गं’ म्हटलं. तोंडातून तेच आलं, इतक्या वर्षांच्या सवयीने.

बाबा तो सगळा प्रकार दारातून बघत होते. तेव्हापासून ते स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतात.

बोर्ड उतरवला आहे. शिडी लावून मीच उतरवला.

आई

•

गंजाड, २९ मे २०२५

जयश्री,

बाबांकडून कळलं, तू त्यांना एवढंच म्हणालीस, की आईला सांगा, मला सांगून काय उपयोग, त्यांना सांग. तुझं बरोबर होतं. तरी मला तीन आठवडे लागले.

आधी तलासरीला गेले. शिल्लक डबे, वजनकाटा, मोजपट्टी, सगळं गोणीत भरून. नविनभाई बसले होते, भिंतीवर आधीचे-नंतरचे फोटो. त्यांत माझाही आहे. मी म्हटलं, “त्या मुलीला भेटायला तरी चला.”

ते म्हणाले, “बेन, ती पहिल्यापासून आजारी होती. आपण डॉक्टर थोडेच आहोत?”

“मग गोळ्या बंद करायला कसं सांगितलंत?”

“मी जनरल बोललो होतो. पेशंटला तुम्ही सांगितलं.” मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, “इमोशनल नाही व्हायचं. तुमची टीम मोठी आहे. पुढच्या मीटिंगला तुमचा सत्कार ठेवलाय.”

त्याचा शर्ट पांढराशुभ्र होता, दात स्वच्छ होते, आणि समोर बसून मला वाटलं, मी उघड्या गटारात हात घालून बसले आहे. पण खरं सांगू? त्याचं पहिलं वाक्य चुकीचं नव्हतं. पेशंटला मीच सांगितलं. तो पाड्यावर आला असता तर त्याचं कोणी ऐकलं नसतं. त्याच्याकडे पावडर होती. भरवसा मी दिला.

तिथून परत येताना डहाणूला तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. आवाजी मेसेजही दिले. तिथल्या क्लार्कने अर्ज वाचून विचारलं, “मावशी, इथे दोन नावं आहेत. दुसरं कोणाचं?” मी म्हटलं, माझं. त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. पुढे काय होईल ठाऊक नाही. पोचपावती पत्रासोबत आहे.

मग काल भिकीकडे गेले. दोन-अडीचची वेळ, ती वाडीवरून येऊन चुलीपुढे बसली होती. संगिता आत खाटेवर. मी उंबऱ्याजवळच खाली बसले आणि सगळं सांगितलं. गोळ्यांचं, नविनच्या मेसेजचं, डॉक्टरला काय खोटं बोलले तेही. ती रडेल, शिव्या देईल, हातातली फुंकणी फेकून मारेल, सगळ्याची मनाची तयारी करून गेले होते. मारली असती तर बरं झालं असतं.

भिकी चुलीत फुंकत राहिली. मग म्हणाली, “मना माहीत हाय, बाई.”

“काय माहीत आहे?”

“समदं. पोरीनं सिल्वासालाच सांगितलं. नर्सबाईनं पण समजावून सांगितलं, कशानं झालं ते.”

मी विचारलं, “मग कोंबडा घेऊन कशाला आलीस? माझ्या पाया कशाला पडलीस?”

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्या लहान पोराला समजावतात, तसं बघत म्हणाली, “पोर परत आजारी पडंल ना, बाई. तिचं तसंच हाय. तवा जीपवाल्याला फोन कोण करंल? दवाखान्यात कागद कोण वाचंल, डाक्टरशी कोण बोलंल? तुम्ही रुसल्या तर मी कोणाकडं जाऊ?”

जयश्री, मी तिच्या पोरीचा पाय घालवला, आणि ती मला सांभाळून घेत होती. मला राग येऊ नये म्हणून. अंड्यावर बसवायची कोंबडी ठेवून घरातला एकुलता कोंबडा तिने मला आणून दिला होता. तीस वर्षं मी समजत आले की या बायका माझ्यावर माया करतात. काही करतही असतील. पण त्यात किती माया आणि किती गरज, हे मी कधी मोजलं नाही. सगळ्यांची वजनं केली.

एवढ्यात आतून संगिता भिंतीला धरत बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. ती आईसारखी नाही. उंबऱ्यात उभी राहून ती सरळ म्हणाली, “बाई, तुम्ही आमच्या घरी परत येऊ नका.”

भिकी घाबरून म्हणाली, “गप, काय बोलतीस!”

“मी नीट बोलते. मंगळवारी माझी तपासणी आहे. मी एकटी बसने जाणार. कार्ड मला वाचता येतं, डॉक्टरांशी बोलता येतं. दहावी मीपण केलीय.”

मी म्हटलं, “बरं.”

मी उठले. तेव्हा ती म्हणाली, “एक करा. तुमच्या जयश्रीताईचा नंबर द्या. काय खायचं, काय नाही, ते मी त्यांना विचारीन. बुधवारच्या मॅडमना पण विचारणार आहे. दोघींचं एकच आलं तर तसं करीन.”

नंबर मी दिला. ती मोबाईलमध्ये दाबत गेली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “खरा आहे ना, बघते.” आणि तिथेच उभ्या उभ्या स्पीकरवर फोन लावला. माझ्यासमोर. माझ्या शब्दावर तिचा आता एवढाही विश्वास नाही, आणि त्या क्षणी मला त्याचं बरं वाटलं.

तू उचललास. “हॅलो, कोण बोलतंय?” सोळा महिन्यांनी मी तुझा आवाज ऐकला, आणि तो मला उद्देशून नव्हता. तू दमलेली वाटलीस. मागे भांड्यांचा की ट्रॉलीचा आवाज येत होता.

संगिता म्हणाली, “ताई, मी संगिता, भिकीची. तुमच्याकडे थोडा वेळ आहे का?”

तू म्हणालीस, “आहे. बोल. आधी सांग, आज पाणी किती प्यायलीस?”

मी तिथे होते हे तुला माहीत नव्हतं. तुझं चोरून ऐकलं असं व्हायला नको, म्हणून हे पत्र. त्यापुढचं मी ऐकलं नाही. संगिता पाय ओढत आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

आई